पानं कमी करा, गाव वगळू नका

कंपन्यांच्या पर्यावरण-अहवालांबद्दल सध्या जगभर एकच तक्रार ऐकू येते. नियम फार झाले, रकाने फार झाले, हे सगळं सोपं करा. तक्रार खरी आहे. पण ‘सोपं करा’ म्हणणारे सगळे एकच गोष्ट मागत नसतात. एकाला तोच आकडा पाच कार्यालयांत पाच प्रकारे भरून वीट आलेला असतो. दुसऱ्याला तो आकडा कुणी बघूच नये असं वाटत असतं. दोघांच्या निवेदनातला मजकूर मात्र सारखाच असतो. पहिल्याचं म्हणणं मान्य करायला हवं आणि दुसऱ्याचं ठामपणे नाकारायला हवं. त्यासाठी आधी दोघांतला फरक ओळखता आला पाहिजे. तो कसा ओळखावा, हे गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्याने फार मोठी किंमत मोजून शिकवलेलं आहे.

याच तालुक्यातलं कारापूर हे साखळीला खेटून असलेलं, वाळवंटीच्या काठचं गाव. इथून थोड्या अंतरावर आमोण्याचा कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे, आणि डिचोली, मुळगाव, मये, शिरगाव हा खाणपट्टाही. या भागातल्या कितीतरी घरांचं खाणीशी नातं आहे. कुणाचा ट्रक होता, कुणी बार्जवर कामाला होतं, कुणी खाणीच्या ऑफिसात कारकून होतं, आणि कुणाच्या शेतात पावसाळ्यात डंपवरची लाल माती उतरत होती. एका भावाचं पोट खाणीवर आणि दुसऱ्याची बागायत खाणीच्या पायथ्याशी, अशीही घरं आहेत. म्हणून खाण हवी की नको, या प्रश्नाला इथला माणूस एका शब्दात उत्तर देत नाही. पण एक मागणी दोन्ही भाऊ करतात: तिथे खरं काय चाललंय ते आम्हाला कळू द्या.

या मागणीला इतिहास आहे. 7 सप्टेंबर 2012 रोजी न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा गोव्यातल्या बेकायदा खाणकामावरचा अहवाल संसदेत मांडला गेला. तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या. आठवडाभरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवाने स्थगित केले, आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम बंद केलं. पुढे 21 एप्रिल 2014च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं मुदत संपलेल्या पट्ट्यांवर उत्खनन चालू होतं, आणि याच काळात निर्यात शिगेला पोचली. 2010-11मध्ये ती 5 कोटी टनांच्या वर गेली. न्यायालयाने नंतर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली.

या पाच वर्षांत कागद कमी होते का? मुळीच नाही. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सला दर महिन्याला आणि दर वर्षाला विवरणपत्र द्यायचं, पर्यावरण परवान्याच्या अटी पाळल्याचा अहवाल सहा महिन्यांनी द्यायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक पर्यावरण विवरणपत्र द्यायचं, हे सगळे नियम तेव्हाही होते. आयोगाने बोट ठेवलं ते वेगळ्याच दुखण्यावर. कायद्याप्रमाणे खाणीवर जाऊन जी तपासणी व्हायला हवी होती ती झालीच नाही, म्हणून नियम मोडणाऱ्याला भीती उरली नाही. नियमांची संख्या वाढली की नियम कडक होतात, ही समजूत गोव्यात तेव्हाच खोटी ठरली. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रश्न कमी केले म्हणून नियम ढिला होतोच असं नाही. कुठले प्रश्न काढले आणि कुठले ठेवले, यावर सगळं अवलंबून आहे.

शाह अहवाल संसदेत येण्याच्या महिनाभर आधी, 13 ऑगस्ट 2012 रोजी, शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांना व्यवसाय-जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. मग ही संख्या 500 झाली, पुढे 1000. 10 मे 2021 रोजी नवा नमुना आला. त्याला सगळे ‘बीआरएसआर’ म्हणतात, आणि पहिल्या 1000 कंपन्यांना तो 2022-23पासून बंधनकारक आहे. नऊ तत्त्वं आणि सुमारे 140 प्रश्न. त्यातले काही आवश्यक, तर काही ऐच्छिक. जुलै 2023मध्ये सेबीने त्यातला गाभा वेगळा काढला. हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता अशा नऊ विषयांचे आकडे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचे, आणि सुरुवात पहिल्या 150 कंपन्यांपासून करायची, असं ठरलं. गाभा निवडून त्यावर तपासणी बसवणं, ही दिशा अगदी बरोबर होती. सोपं करणं आणि घट्ट करणं एकाच वेळी होऊ शकतं, याचं हे आपल्याच देशातलं उदाहरण आहे.

पण हाच नमुना शिरगावच्या विहिरीपाशी उभं राहून वाचला की त्यातली पोकळी दिसते.

पहिली पोकळी बेरजेची. डिसेंबर 2022च्या लिलावात डिचोलीचा खनिज खंड वेदांताला मिळाला आणि 2024मध्ये तिथे काम सुरू झालं. वेदांता ही शेअर बाजारातली कंपनी असल्यामुळे तिला बीआरएसआर लागू आहे. पण खंड मिळाला तेव्हा याच कंपनीचं तेल राजस्थानात बाडमेरच्या वाळवंटातून निघत होतं आणि ॲल्युमिनियम ओडिशात झारसुगुड्याला बनत होतं. नमुना पाण्याचा जो आवश्यक आकडा मागतो तो संपूर्ण कंपनीचा मागतो. बाडमेरचं पाणी, झारसुगुड्याचं पाणी आणि डिचोलीच्या खंदकातून उपसलेलं पाणी एका ओळीत मिळवलं की आकडा अचूक राहतो, पण त्यातून एकाही गावाला काही कळत नाही. घरातल्या सगळ्यांच्या तापाची सरासरी काढून ती डॉक्टरला सांगावी, तसला हा प्रकार आहे. दोष इथे कंपनीचा नाही. नियमाने जे विचारलं तेच तिने भरायचं असतं.

दुसरी पोकळी जास्त बोचणारी आहे. पाण्याचा जागेनुसार हिशेब मागणारा एक प्रश्न या नमुन्यात आहे. पण तो ऐच्छिक गटात आहे, आणि तोही फक्त पाण्याची टंचाई असलेल्या भागांपुरता. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत इथले तालुके ‘सुरक्षित’ गटात मोडतात. त्या वर्गवारीकडे बघून रकाना भरायचा म्हटलं तर शिरगावचं नाव त्यात येणारच नाही. आणि याच शिरगावात खाणीचे खंदक भूजलाच्या पातळीखाली उतरल्यावर विहिरी आणि झरे आटले, म्हणून गावकऱ्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पाऊस तालुक्यावर पडतो, विहीर मात्र वाड्यावर आटते. तालुक्याच्या सरासरीत जे दुखणं दिसत नाही ते कंपनीच्या सरासरीत कसं दिसणार?

तिसरी पोकळी ‘होय’ आणि ‘नाही’ची. जल कायदा, वायू कायदा, पर्यावरण संरक्षण कायदा कंपनी पाळते का, असा आवश्यक प्रश्न आहे. उत्तर ‘होय’ असेल तर विषय संपला. खाणीच्या एका पर्यावरण परवान्यात अनेक अटी असतात. डंपच्या पायथ्याला भिंत, पाणी निवळण्यासाठी तळी, रस्त्यावर पाणी मारणं, ठरावीक विहिरींची पातळी मोजणं, ट्रकवर ताडपत्री. या साऱ्या अटींचं उत्तर एका ‘होय’मध्ये गुंडाळलं की अहवाल आटोपशीर होतो, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

चौथी गोष्ट सुधारणेच्या नावाखाली घडली, म्हणून ती नीट पाहायला हवी. 2021च्या नमुन्यात एक आवश्यक प्रश्न होता: कच्च्या मालापैकी किती टक्के माल आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतून घेतला? 2023च्या सुधारित नमुन्यात त्या जागी आलं, किती टक्के माल भारतातून घेतला? भरणाऱ्याचं काम निश्चित हलकं झालं, कारण प्रत्येक कारखान्याचा जिल्हा शोधत बसायला नको. पण ज्या गावाच्या उशाशी उद्योग चालतो त्या गावाला त्यातून किती मिळतं, हे त्या प्रश्नातून कळत होतं. ते आता कळत नाही. एक शब्द बदलला आणि जिल्हा गेला. नियम कसा पातळ होतो ते पाहायचं असेल तर याहून नेमका दाखला मिळणार नाही. कुणी नियम रद्द केला नाही, कुणी विरोध केला नाही, रकानासुद्धा जागेवरच आहे.

यावरून मला तीन कसोट्या दिसतात. कुठलाही नियम सोपा करण्याचा प्रस्ताव आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. या बदलामुळे उत्तर देण्यातून कोण सुटणार? या बदलामुळे कुठली जागा अहवालातून पुसली जाणार? आणि या बदलामुळे तपासणारा हात ढिला पडणार का? तिन्ही प्रश्नांना ‘कुणी नाही, कुठली नाही, नाही’ असं उत्तर आलं तर तो बदल डोळे मिटून स्वीकारावा. मग पानं निम्म्यावर आली तरी बिघडत नाही.

पहिल्या कसोटीवर युरोपातलं सध्याचं वारं टिकत नाही. युरोपीय संघाने 2022मध्ये शाश्वतता-अहवालाचा मोठा कायदा केला, आणि 26 फेब्रुवारी 2025 रोजी तो सोपा करण्याचा प्रस्ताव आणला. त्यात प्रश्न कमी करण्याचं काम होतंच, आणि ते आवश्यकही होतं. पण प्रस्तावाचा सगळ्यात मोठा घाव पडला तो कुणी अहवाल द्यायचा यावर. कर्मचाऱ्यांची मर्यादा 1,000वर नेल्यामुळे सुमारे 80 टक्के कंपन्या नियमाबाहेर जातील, असं खुद्द युरोपीय आयोगानेच सांगितलं. प्रश्न कमी करणं हे लेखणीचं काम आहे, आणि त्याला अभ्यास लागतो. उत्तर देणारे कमी करणं हे कात्रीचं काम आहे, ते एका ओळीत उरकतं. सरकारांना दुसरं सोपं जातं, म्हणून त्यालाच ‘सुलभीकरण’ हे नाव मिळतं.

आपल्याकडे तर ही कात्री सुरुवातीपासूनच नियमात शिवलेली आहे. बीआरएसआर फक्त शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना लागू आहे. आता डिचोलीचा नकाशा समोर ठेवा. 2022च्याच लिलावात शिरगाव-मये खंड साळगावकर शिपिंगला मिळाला आणि मोंत दि शिरगावचा खंड बांदेकरांना. गोव्यातली बहुतेक खाण घराणी आपल्या खासगी कंपन्यांतून धंदा करतात, शेअर बाजारात येत नाहीत. त्यामुळे शेजारी-शेजारी असलेल्या खंडांपैकी एकाला हा अहवाल लागू आहे आणि दुसऱ्याला नाही. जमिनीखालचं पाणी मात्र एकच आहे. ते खंडाची हद्द ओळखत नाही. शिरगावच्या माणसाला शेअर बाजाराशी देणं-घेणं नाही. त्याला सगळ्या खंदकांचा मिळून परिणाम काय होतो ते हवं आहे. कंपनी केवढी यावर अहवालाची सक्ती ठरवणं गुंतवणूकदाराच्या सोयीचं आहे. जमिनीवर घाव केवढा यावर ती ठरवली तर ती गावाच्याही उपयोगी पडेल.

मग छोट्या धंदेवाल्याचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण आमच्याकडचा छोटा धंदेवाला म्हणजे ट्रकमालक. एक किंवा दोन ट्रक, बँकेचं कर्ज, आणि पावसाळ्यात बसून काढायचे महिने. त्याला कुणी पर्यावरणाचा फॉर्म भरायला सांगितला तर तो अन्याय होईल. सेबीने मोठ्या कंपन्यांना त्यांच्या पुरवठादारांचे आकडेही द्यायला सांगितले होते. डिसेंबर 2024मध्ये ते ऐच्छिक केले, आणि खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा 2 टक्के किंवा अधिक आहे त्याच भागीदारापुरते ठेवले. लहान पुरवठादारावर ओझं नको, हा हेतू योग्यच आहे. परिणाम काय झाला? देशभर पसरलेल्या अवाढव्य कंपनीच्या हिशेबात गोव्यातली सगळी वाहतूक सहज 2 टक्क्यांखाली जाऊ शकते. आणि गावाचं सगळ्यात मोठं दुखणं तर वाहतूकच आहे. एप्रिल 2017मध्ये सत्तरीतल्या सोनशी गावच्या लोकांनी खनिजवाहू ट्रकांची रांग अडवली तेव्हा 45 गावकऱ्यांना अटक झाली. घरांना, अन्नाला, मुलांच्या श्वासाला धूळ चिकटली होती, आणि त्यांचं म्हणणं होतं की आमच्या दारातून जाणारे ट्रक कुणीतरी आवरा. ट्रकच्या फेऱ्यांचा रकाना 140 प्रश्नांत नाही.

हा आकडा मिळवायला ट्रकमालकाला एकही कागद भरावा लागत नाही. खाणीच्या काट्यावर प्रत्येक ट्रकचं वजन होतं. राज्याच्या खाण खात्याच्या वाहतूक परवान्यावर वेळ आणि मार्ग नोंदलेला असतो. खनिजाच्या ट्रकवर जीपीएस बसवणं बंधनकारक आहे. आकडा सरकारच्याच संगणकात आहे, फक्त गावासमोर ठेवलेला नाही. खऱ्या सुलभीकरणाची सुरुवात इथून व्हायला हवी: जे आधीच नोंदलेलं आहे ते पुन्हा विचारू नका, पण ते दडवूनही ठेवू नका.

विहिरींचंही तसंच आहे. खाणींच्या पर्यावरण परवान्यात आसपासच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजण्याची अट सहसा असते: जानेवारी, एप्रिल-मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. हे मोजमाप होतं आणि सहामाही अहवालात जातं. 2006च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार तो अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे, मागेल त्याला मिळाला पाहिजे आणि संकेतस्थळावरही ठेवला पाहिजे. कायदा इतका चांगला असून प्रत्यक्षात तो अहवाल इंग्रजीत असतो, जाडजूड असतो, आणि विहिरीचा तक्ता कुठल्या तरी जोडपत्रात असतो. मुळगावच्या शेतकऱ्याला ज्या एका आकड्याची गरज आहे तो त्याच्यासाठी मोजलेला असतो, पण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

2020मध्ये केंद्राने ही अधिसूचना बदलण्यासाठी मसुदा आणला. सहा महिन्यांऐवजी वर्षातून एकदाच अहवाल द्यावा, अशी त्यात सूचना होती. दिल्लीतल्या टेबलावर हे निरुपद्रवी वाटेल. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो आणि ऑगस्टमध्ये काठापर्यंत पाणी येतं. दोन्हींची वार्षिक सरासरी काढली तर कुठल्याच विहिरीला काही झालेलं नाही असं निघेल. दुसरी कसोटी इथेच लागते: बेरीज जागेची असो वा काळाची, त्यात नेमकं दुखरं टोक बुजून जातं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत हा मसुदा उपलब्ध करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला, तेही 30 जून 2020 रोजी, मसुदा आल्यावर कित्येक आठवड्यांनी. ज्यांच्या गावाबद्दल नियम आहे त्यांना तो त्यांच्या भाषेत मिळणं ही सवलत नाही. तो नियमाचाच भाग मानला पाहिजे.

मग कमी काय करायचं? भरपूर. बीआरएसआरच्या दुसऱ्या भागात नऊ तत्त्वांसाठी एक मोठा तक्ता आहे. धोरण आहे का, संचालक मंडळाने मंजूर केलंय का, त्याची कार्यपद्धती ठरली आहे का, पुरवठादारांना लागू आहे का, असं सगळं ‘होय-नाही’. धोरण असल्याने विहिरीला पाणी येत नाही. हा तक्ता काढला तर कुणाचंच नुकसान होणार नाही. संस्थेच्या ध्येयांची वर्णनं, पुरस्कारांच्या याद्या, दर वर्षी तेच लिहिलेले परिच्छेद, तेही काढावेत. प्रति रुपया उलाढालीमागे किती पाणी, हा आकडा खाणीच्या धंद्यात दिशाभूल करू शकतो. लोहखनिजाचा भाव चढला की उलाढाल वाढते आणि एक थेंबही न वाचवता पाण्याचा वापर सुधारलेला दिसतो. 2023पासून प्रत्यक्ष उत्पादनाच्या प्रमाणातही आकडा मागतात, हे चांगलं झालं. पण तेल, ॲल्युमिनियम आणि लोहखनिज यांचं उत्पादन एकत्र करून काढलेल्या प्रमाणाला अर्थ येत नाही. तो खाणीगणिक, कारखान्यागणिकच येतो.

सगळ्यात मोठी काटछाट करायची ती पुनरुक्तीत. पाण्याचा एकच आकडा खाणीच्या ऑफिसातला कारकून प्रदूषण मंडळाला देतो, पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला देतो, भूजलाच्या परवान्यासाठी देतो, आणि मुख्यालयाला बीआरएसआरसाठी देतो. कुठे आर्थिक वर्ष, कुठे सहामाही, कुठे घनमीटर, कुठे किलोलीटर. त्याचा त्रास होतो हे खरं. पण या वेगवेगळ्या साच्यांचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. दोन कार्यालयांतले आकडे जुळत नसले तरी ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते शेजारी ठेवून पाहताच येत नाहीत. एका खाणीला एक क्रमांक, एक एकक, एक कालावधी, आणि एकदाच भरलेला आकडा सगळ्या कार्यालयांनी तिथूनच घ्यायचा, असं केलं तर कारकुनाचं काम निम्म्याहून कमी होईल आणि लपवाछपवी करणं अवघड होईल. ओझं उतरतं आणि पकडही घट्ट होते. कंपनी आणि गाव दोघांनीही मिळून मागावी अशी ही सुधारणा आहे.

तिसरी कसोटी तपासणीची. बीआरएसआरच्या गाभ्यासाठी सुरुवातीला स्वतंत्र खात्री सक्तीची होती. पुढे डिसेंबर 2024मध्ये ‘मूल्यमापन किंवा खात्री’ असा पर्याय दिला गेला. कंपन्यांवरचा भार हलका व्हावा हा हेतू होता. पण तपासणीच्या बाबतीत खर्चापेक्षा मोठा प्रश्न आहे तो तपासणाऱ्याला पैसे कोण देतं हा. याचं उत्तर गुजरातने दिलेलं आहे. 2009 ते 2011 या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या सुमारे 470 कारखान्यांत एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीत कारखाना स्वतःच ऑडिटर निवडायचा आणि त्याचे पैसे द्यायचा. अशा ऑडिटरांचे आकडे मर्यादेच्या अगदी खाली येऊन थांबत, मग धुराड्यातून प्रत्यक्ष काहीही निघो. निम्म्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली. ऑडिटर चिठ्ठी टाकून ठरवायचा, पैसे सामायिक निधीतून द्यायचे, आणि काही मोजमापं दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्यायची. ऑडिटर खरे आकडे सांगू लागले आणि कारखान्यांनी प्रदूषण कमी केलं. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाने वाढवावे लागले नाहीत. केंद्राने 29 ऑगस्ट 2025 रोजी पर्यावरण ऑडिटचे जे नवे नियम काढले, त्यात ऑडिटर चिठ्ठी पद्धतीने नेमण्याची तरतूद आहे. ती खाणपट्ट्यात प्रामाणिकपणे राबवली तर शंभर नव्या प्रश्नांपेक्षा जास्त काम होईल.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की सेबीचा अहवाल गुंतवणूकदारांसाठी आहे, गावासाठी नाही. गोव्याच्या अनुभवात हा भेद टिकत नाही. 2012मध्ये खाणी बंद झाल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या. गुंतवणूकदाराचा पैसा बुडाला तो गावाच्या तक्रारीतून आणि न्यायालयाच्या निकालातून. गावाचा आकडा हाच गुंतवणूकदाराच्या धोक्याचा आकडा होता.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. कडक नियमांनी धंदा महाग होतो आणि रोजगार जातो, असं म्हणतात. आमच्या तालुक्याला विचारा रोजगार कशाने गेला. नियम कडक होते म्हणून ट्रक उभे राहिले नाहीत. नियम कागदावर राहिले, उल्लंघनं साचत गेली, आणि शेवटी न्यायालयाला एका फटक्यात सगळं थांबवावं लागलं, म्हणून ते उभे राहिले. त्यात नियम पाळणाराही भरडला आणि मोडणाराही. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या ट्रकमालकाने आणि बार्जवरच्या खलाशाने कुठलाही परवाना मोडला नव्हता. वेळच्या वेळी केलेल्या तपासणीचा खर्च त्या बंदीच्या खर्चापुढे नगण्य आहे.

तिसरा आक्षेप असा की गावकऱ्यांना हे आकडे कळणार नाहीत. ज्याने आयुष्यभर आपल्या विहिरीला किती हात दोर लागतो ते पाहिलं आहे, त्याला भूजलपातळी समजावून सांगायची गरज नाही. उलट तोच असा एकमेव तपासनीस आहे जो रोज जागेवर असतो आणि ज्याला कुणी पगार देत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. शेअर बाजारात असो वा नसो, प्रत्येक खाणीचं आणि प्रत्येक मोठ्या कारखान्याचं सहा महिन्यांनी एक पान निघावं, मराठीत आणि कोकणीत. किती टन खनिज काढलं आणि किती टन टाकाऊ माती निघाली, ती कुठे टाकली. गोव्यात एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन माती निघते, म्हणून हा आकडा पहिला. खंदकातून किती पाणी उपसलं आणि कुठे सोडलं. नावानिशी विहिरींची पातळी. रस्त्यागणिक ट्रकच्या फेऱ्या. धुळीचं मोजमाप. परवान्यातल्या कुठल्या अटी पाळल्या गेल्या नाहीत आणि का. किती कामगार कायम, किती कंत्राटी, किती अपघात. जिल्हा खनिज निधीत किती रक्कम भरली. हे पान ग्रामसभेपुढे ठेवावं. कुणी ‘हा आकडा चुकला’ म्हटलं तर तीस दिवसांत जागेवर फेरमोजणी व्हावी, आणि ती कंपनीने न निवडलेल्या माणसाने करावी. कंपनीच्या मोठ्या अहवालात मग याच पानांची बेरीज यावी. बेरजेतून गाव शोधायची वेळ कुणावर येऊ नये.

एवढं झालं तर 140 प्रश्नांतले शंभर पुसले तरी माझी हरकत नाही. नव्या खंडांवरचं खाणकाम अजून जुन्या वेगावर पोचलेलं नाही, म्हणून ही पद्धत बसवण्याची योग्य वेळ आजच आहे. पंचायतींनी पुढच्याच ग्रामसभेत ठराव घेऊन प्रत्येक खाणीकडे आणि प्रदूषण मंडळाकडे हे पान मागावं. नवा कायदा होण्याची वाट पाहायचं कारण नाही. सहामाही अहवाल सार्वजनिक आहे हे 2006पासून लिहून ठेवलेलं आहे. तो वाचता येईल असा द्या, एवढंच सांगायचं आहे, आणि तो मिळेपर्यंत ठामपणे सांगत राहायचं आहे.